करकोच्याचे पाऊल

गेल्या दिवाळीत आमच्या घराण्याचा कुलवृत्तांत छापावयाचे ठरले, आणि सेवानिवृत्त माणसापाशी वेळच वेळ असतो या सर्वमान्य समजुतीनुसार संपादनाचे काम आमच्याकडे आले. मुखपृष्ठाचा मसुदा चुलतनातवाने संगणकावर तयार करून पाठविला. त्यावर एक ऐटबाज घोडेस्वार होता आणि घराण्याच्या नावाखाली ‘पेडिग्री’ असा शब्द होता. वंशावळीस हा शब्द शोभतो की नाही, याची खात्री करून घ्यावी म्हणून आम्ही इंग्रजी व्युत्पत्तिकोश उघडला. आणि पेडिग्री या शब्दाचा मूळ अर्थ ‘करकोच्याचे पाऊल’ असा निघाला.

प्रथम आम्हांस हसू आले. पण उलगडा वाचल्यावर मौज वाटली. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले, तेव्हापासून पुढे काही शतके तेथील दरबारात आणि न्यायालयांत फ्रेंचची एक बोली चालत होती. त्या बोलीत ‘पे द ग्रू’ म्हणजे करकोच्याचा पाय. जुन्या वंशावळींत बापाच्या नावाखालून तीन रेघा फाकवून त्या मुलांच्या नावांशी नेत. ती आकृती चिखलात उमटलेल्या पक्ष्याच्या पावलासारखी दिसे. पंधराव्या शतकाच्या प्रारंभापासून हा शब्द इंग्रजी कागदपत्रांत दिसू लागतो. ज्याने म्हणून कधी आपली वंशावळ हाताने आखली असेल, त्याला ही उपमा पटल्याखेरीज राहणार नाही.

त्या एका पावलामागून चालता चालता आम्ही इंग्रजी भाषेतील पायांच्याच मागे लागलो. इंग्रजीत पायांचे वाक्प्रचार विपुल आहेत आणि आपल्या घरांतील नातवंडे ते सर्रास वापरतात. ते आले कोठून, हे शोधू लागल्यावर एक गोष्ट ध्यानात आली. महसूल खात्यात आमचे अर्धेअधिक आयुष्य गेले. तेथे जमिनीच्या प्रत्येक दाव्यात दोन प्रकारचे पुरावे समोर येत : एक ऐकीव, दुसरा लेखी. ऐकीव पुरावा नेहमी अधिक रसाळ असे. लेखी पुरावा बहुधा कोरडा असे, क्वचित गैरसोयीचाही असे. शब्दांच्या बाबतीतही नेमके हेच आहे. प्रत्येक वाक्प्रचाराची एक गोष्ट सांगितली जाते आणि एक कागद सापडतो. आणि या दोहोंचा मेळ क्वचितच बसतो.

ज्या मापाने आपण आजही घराच्या खोल्या आणि भूखंड मोजतो, त्या फुटापासूनच आरंभ करू. फूट म्हणजे पाऊल हे उघड आहे. पण कोणाचे पाऊल? कोणी शार्लमेन राजाचे नाव घेतो, कोणी इंग्लंडच्या पहिल्या हेन्रीचे. राजाच्या पावलावरून राज्याचे माप ठरले, ही कल्पनाच मोठी मोहक आहे. परंतु सोळाव्या शतकातील याकोप क्योबेल या जर्मन लेखकाच्या भूमापनावरील पुस्तकात अगदी निराळा प्रकार दिला आहे. रविवारी उपासना आटोपून चर्चमधून बाहेर पडणारे सोळा पुरुष, लहान असोत वा मोठे, जसे येतील तसे थांबवावेत. त्यांनी डावी पावले एकापुढे एक टेकवावीत. त्या सर्वांची मिळून जी लांबी होईल ती जमीन मोजण्याची काठी, आणि तिचा सोळावा हिस्सा म्हणजे कायदेशीर फूट. पुस्तकात याचे चित्रही आहे. म्हणजे येथे माप ठरले ते राजाच्या पावलावरून नव्हे, तर वाटेने जाणाऱ्या सोळा सामान्य माणसांच्या सरासरीवरून! निरनिराळ्या प्रांतांचे फूट निरनिराळे असत. अखेर १९५९ साली इंग्रजी भाषक देशांनी आपसांत करार केला आणि एक फूट म्हणजे ३०.४८ सेंटिमीटर हे कायम झाले. आपल्याकडे तत्पूर्वीच, १९५६ च्या कायद्याने, मेट्रिक मापे स्वीकारली गेली होती. पण सुताराच्या आणि घरमालकाच्या तोंडून फूट काही गेला नाही.

फुटाचीच आणखी एक कथा मृत्यूशी निगडित आहे. माणूस मरून गेला असे सांगताना इंग्रजीत तो ‘सिक्स फीट अंडर’, म्हणजे जमिनीखाली सहा फूट आहे, असे म्हणतात. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगचा कहर झाला. त्या वेळच्या नगराधिकाऱ्यांच्या हुकमांत, प्रत्येक कबर किमान सहा फूट खोल असावी, असे कलम होते. हे हुकूम डॅनियल डिफोने १७२२ च्या आपल्या प्लेगवरील ग्रंथात उतरून घेतले आहेत, तेव्हा हुकमाविषयी शंका नाही. म्हणून वाक्प्रचार त्या हुकमातून जन्मला, असे सर्रास सांगितले जाते. अडचण एवढीच की, ‘मृत’ या अर्थाने हे शब्द लेखनात आढळतात ते त्यानंतर कित्येक पिढ्या उलटल्यावर. हुकूम खरा आणि वाक्प्रचारही खरा. परंतु दोहोंना जोडणारा मधला कागद नाही. महसुलाच्या भाषेत बोलायचे तर पहिला मालक ठाऊक आहे, आजचा कब्जेदारही ठाऊक आहे, पण मधले फेरफार गहाळ आहेत. अशा दाव्यात हक्क सिद्ध झाला असे कोणता अधिकारी लिहील?

ऐन वेळी धीर सुटून माणसाने माघार घेतली की त्याला ‘कोल्ड फीट’ आले, त्याचे पाय गार पडले, असे म्हणतात. या वाक्प्रचाराचे मूळ बेन जॉन्सनच्या ‘व्होल्पोनी’ या सतराव्या शतकाच्या आरंभीच्या नाटकात दाखविण्यात येते. तेथे गार पायांच्या एका इटालियन म्हणीचा उल्लेख खरोखरच आहे. मात्र त्या म्हणीचा अर्थ भय नव्हे, दारिद्र्य. खिशात पैसा नाही, पायात धड जोडा नाही, म्हणून मिळेल त्या किमतीला माल विकून टाकणारा माणूस, असा तिचा रोख आहे. भिऊन माघार घेणे हा आजचा अर्थ स्टीफन क्रेन या अमेरिकन कादंबरीकाराच्या ‘मॅगी’ या कादंबरीच्या १८९६ च्या आवृत्तीत आढळतो. शब्द तेच, पण मध्ये जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर आणि अर्थ वेगळा. नाव एक आहे म्हणून खातेदार एकच, असे आम्ही कधी मानले नाही. येथेही मानू नये.

तिसरी कथा ‘फूटमन’ या शब्दाची. जुन्या रोमन लोकांत घरात प्रवेश करताना उजवे पाऊल आधी टाकण्याचा दंडक होता. पेट्रोनियसच्या पहिल्या शतकातील ग्रंथात एका धनिकाच्या मेजवानीचे वर्णन आहे. तेथे पाहुण्यांना उजव्या पायाची आठवण करून देण्यासाठी एक गुलाम मुलगा दारात उभा केलेला आहे. विट्रुव्हियस या वास्तुविशारदाने तर देवळाच्या पायऱ्यांची संख्या विषम ठेवावी असे सांगितले. म्हणजे पहिल्या पायरीवर उजवे पाऊल पडले की शेवटच्या पायरीवरही उजवेच पडते. नव्या नवरीने माप ओलांडून उजवे पाऊल आत टाकावे, हे पाहत वाढलेल्या आपल्या मंडळींस यात नवल वाटणार नाही. तर या रोमन चालीवरून, पाहुण्यांच्या पायांवर नजर ठेवणारा तो फूटमन, अशी व्युत्पत्ती इंग्रजीत मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. कागद मात्र साधी गोष्ट सांगतात. फूटमन म्हणजे आरंभी पायदळातला शिपाई आणि पुढे धन्याच्या घोड्याबरोबर किंवा गाडीबरोबर पायी धावणारा नोकर. शब्दात उजवा पाय नाही, डावाही नाही. केवळ पायपीट आहे.

ऐकीव गोष्टी अशा फसव्या निघाल्या, म्हणून सगळेच वाक्प्रचार निराधार समजू नयेत. काहींचे कागद फार उत्तम आहेत. ज्याला आपण पूज्य मानले त्याच्यातील वैगुण्य उघडे पडले की, त्याचे पाय मातीचे निघाले, असे म्हणतात. हा वाक्प्रचार बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथातून आला. बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर स्वप्नात एक भव्य पुतळा पाहतो. त्याचे मस्तक सोन्याचे, छाती आणि भुजा रुप्याच्या, पोट आणि मांड्या पितळेच्या, तंगड्या लोखंडाच्या. आणि पावले मात्र काही लोखंडाची, काही मातीची. एक दगड येऊन त्या पावलांवर आदळतो आणि सोन्याच्या मस्तकासह सारा पुतळा कोसळतो. १६११ च्या इंग्रजी भाषांतराने हे चित्र घरोघर पोहोचविले. १८१४ साली नेपोलियनचे सिंहासन गेले तेव्हा बायरनने त्याच्यावर लिहिलेल्या काव्यात तेच मातीचे पाय आणले. येथे मूळ ग्रंथ, भाषांतर आणि वापर ही साखळी सलग जुळते.

जोडा कोठे चावतो हे घालणाऱ्यालाच ठाऊक, या म्हणीचे कूळ तर त्याहून जुने. प्लुटार्कने एमिलियस पॉलसच्या चरित्रात ही कथा दिली आहे. एका रोमन गृहस्थाने बायकोशी काडीमोड घेतला. ती शीलवती नाही काय, सुंदर नाही काय, लेकुरवाळी नाही काय, असे मित्र विचारू लागले. त्याने आपला जोडा पुढे धरला आणि म्हटले, हा नवा आहे, सुबक आहे, पण तो माझ्या पायाला कोठे चावतो हे तुमच्यापैकी कोणाला ठाऊक आहे? चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरच्या काव्यात हाच जोडा एका इंग्रज पात्राच्या तोंडी येतो. त्या बिचाऱ्या रोमन स्त्रीला तिचा जोडा कोठे चावत होता, हे मात्र कोणी लिहून ठेवले नाही. लेखी पुराव्याची हीही एक मर्यादा आहे, हे आम्ही नमूद करून ठेवतो.

आणि आमच्यासारख्या कारकुनी पेशातल्या माणसास सर्वांत जवळचा वाटणारा वाक्प्रचार म्हणजे ‘फूट द बिल’. खर्च सोसणे असा त्याचा आजचा अर्थ. त्याचा पायाशी संबंध काय, असा प्रश्न आम्हांस लहानपणापासून होता. उत्तर हिशेबाच्या वहीत निघाले. आकड्यांची बेरीज करून ती पानाच्या पायाशी मांडणे, या क्रियेला इंग्रज हिशेबनीस ‘फूट’ करणे म्हणत. आपण पानाखेर बेरीज म्हणतो तीच ही. ज्याच्यापुढे ती तळची रक्कम ठेवली जाई, त्याला पैसे मोजावे लागत. म्हणून एकोणिसाव्या शतकात बेरीज मांडणे याचा अर्थ पैसे भरणे असा झाला. कोणी राजा नाही, प्लेग नाही, मेजवानी नाही. दिव्याच्या उजेडात वही लिहीत बसलेला एक कारकून एवढेच त्याचे मूळ. पण ते पक्के आहे.

ऐकीवावर विश्वासून फसण्याची पाळी इंग्रजांवर आपल्या देशातही आली. तीन पायांच्या छोट्या मेजाला आपण तिपाई म्हणतो. इंग्रजांनी तो शब्द उचलला आणि ‘टीपॉय’ असा लिहिला. त्यातील ‘टी’ म्हणजे चहा, अशी पुढच्यांची समजूत झाली, आणि चहा ठेवण्याच्या उंच पेट्यांनाही तेच नाव मिळाले. यूल आणि बर्नेल यांनी १८८६ साली हॉब्सन-जॉब्सन हा आपला प्रसिद्ध कोश काढला, त्यात या घोटाळ्याची नोंद आहे. त्याच पंक्तीतला पायजमा. फारसीत ‘पाय’ म्हणजे पायच आणि ‘जामा’ म्हणजे वस्त्र. तो इंग्रजीत गेला आणि रात्री निजण्याचा पोशाख होऊन राहिला.

फारसीतला पाय आणि मराठीतला पाय इतके सारखे कसे, असे कोणी विचारील. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे भाषण करताना संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळापासून निघाल्या असाव्यात, असे मत मांडले. पुढे १८२२ मध्ये याकोप ग्रिम याने दाखवून दिले की, ज्या ठिकाणी संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांत ‘प’ असतो तेथे इंग्रजीच्या कुळात नियमाने ‘फ’ येतो. पितृ तसा फादर, पाद तसा फूट. म्हणजे पाय, पाऊल, पद हे शब्द आणि फूट हा शब्द एकमेकांचे दूरचे भाऊबंद आहेत. आणि ही भाऊबंदकी ऐकीव नाही, शेकडो शब्दांतून नियमाने सिद्ध झालेली आहे. चतुष्पाद जनावराचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा. त्या पादापासून आपला पाव झाला, सपादापासून सव्वा आणि पादोनापासून पाऊण. बाजारात सव्वा किलो भाजी मागताना आपण पायाचेच नाव घेत असतो, हे कोणाच्या ध्यानी येते?

लॅटिनमधला पाय तर आमच्या कचेरीतच वावरत होता. सरकारी फायलीवर ‘एक्स्पिडाइट’ असा शेरा आम्ही हजारो वेळा वाचला, शेकडो वेळा लिहिलाही. त्याचा मूळ अर्थ गुंतलेला पाय मोकळा करणे. आणि ‘इम्पीड’ म्हणजे पायात अडकवणूक करणे. शेरा पहिला लिहायचा आणि कारभार दुसरा करायचा, हे कित्येक कचेऱ्यांत कसे चालते, हे वाचकांस सांगावयास नको.

परंतु ज्या शब्दाने आम्हांस खरोखर थांबविले तो निराळाच. लॅटिन ‘पेस’ म्हणजे पाय. त्यावरून मध्ययुगात ‘पेदो’ म्हणजे पायी चालणारा शिपाई. त्याच्या वंशाचा करकोचा आखून पाहिला तर तीन फाटे निघतात. एक फाटा फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि बुद्धिबळाच्या पटावरचे ‘पॉन’ झाला. दुसरा पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर उतरला आणि कचेरीतला ‘प्यून’ झाला. तिसरा फौजेच्या पुढे जाऊन वाट खणणारा ‘पायोनियर’ झाला. त्याला आज आपण अग्रदूत म्हणून हार घालतो. आणि पटावरच्या त्या मोहऱ्याला आपण जे नाव देतो ते फारसी प्यादा, तेही त्याच आदिम पायापासून निघालेले; संस्कृतातला पदाती त्याचा सख्खा शेजारी. सर्वांत हलके मोहरे, दारातला शिपाई आणि सर्वांच्या पुढे जाणारा माणूस, हे तिघे एकाच बापाचे!

आता मुखपृष्ठावरील त्या घोडेस्वाराकडे परत आले पाहिजे. माळव्यात स्थायिक झालेल्या आपल्या बहुतेक मराठी घराण्यांप्रमाणे आमच्याकडेही एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते : आमचे मूळ पुरुष मल्हारराव होळकरांच्या फौजेतले शिलेदार, स्वतःच्या घोड्यावर बसून नर्मदा उतरून आले. आजोबा ही गोष्ट सांगत तेव्हा त्या घोड्याचा रंगही सांगत. कुलवृत्तांतासाठी घरातली जुनी पेटी उघडली, तेव्हा मोडी लिपीतील एक जीर्ण यादी हाती आली. १८१८ च्या मंदसोर तहानंतर राजधानी इंदूरला आली, त्यानंतरच्या काळातील ती आहे. मोडी वाचणाऱ्या एका जाणकाराकडून ती वाचवून घेतली. तीत आमच्या घराण्यातील ज्ञात असलेला सर्वांत जुना पुरुष बापाच्या नावासह आणि मूळ गावासह नोंदलेला आहे. नावापुढे हुद्दा लिहिला आहे : प्यादा. घोड्याचा उल्लेख कोठेच नाही.

घरातील वडीलधाऱ्या चुलतबंधूंस आम्ही ही बातमी दूरध्वनीवरून कळविली. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “अरे, शंभर वर्षं सांगत आलेली गोष्ट एका चिठोऱ्यासाठी खोडायची का? पोरांना काय सांगायचं आता?”

आम्ही म्हटले, “दादा, खोडायची नाही. ऐकीव म्हणून लिहायची. आणि कागद कागद म्हणून लिहायचा.”

त्यांचा प्रश्न हलका नव्हता. परक्या मुलखात राहिलेल्या घराण्यांना अशा गोष्टींचा फार मोठा आधार असतो. मूळ गावचे घर नाही, तेथे ओळखणारे कोणी उरले नाही, घरातली भाषाही पिढीगणिक पातळ होत चाललेली. अशा वेळी तो घोडा हेच एक वतन वाटते. शिवाय न्यायाने पाहता, यादीतला प्यादा आणि कथेतला शिलेदार या दोघांच्या मध्ये पिढ्यांचे अंतर आहे; प्याद्याचा आजा शिलेदार नव्हता, असे काही तो कागद म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की, जेथे आमचा पहिला पुरावा आहे, तेथे आमचा माणूस पायी चालत होता.

पण आम्हांस त्यात उणेपणा वाटेनासा झाला आहे. सोन्याचे मस्तक मिरवणाऱ्या पुतळ्याची गत नबुखद्नेस्सराने पाहिली. ज्याचे मस्तक फार उंच दाखवावे लागते, त्याची पावले पुराव्याच्या एका दगडाने फुटू शकतात. चालून चालून पावलांना घट्टे पडलेला प्यादा मात्र सहसा कोसळत नाही. फुटाचे माप वाटसरूंच्या पावलांनी ठरले. बिलाची बेरीज कारकुनाने मांडली. आणि परमुलखात मराठी वस्ती टिकली तीही बहुधा अशाच नाव नसलेल्या पायांवर टिकली. सगळेच घोड्यावरून आले असते, तर वाट कोणी खणली असती?

दादांचे आठ दिवसांनी पत्र आले. दोन ओळींचे होते. त्यांनी लिहिले होते की दोन्ही छापा. पण आजोबांनी सांगितलेला घोड्याचा रंग वगळू नका. तो आम्ही वगळलेला नाही. ‘ऐकीव’ या मथळ्याखाली आजोबांची संपूर्ण गोष्ट आहे आणि ‘लेखी’ या मथळ्याखाली त्या यादीचे छायाचित्र आहे, खाली बालबोध लिप्यंतरासह. मुखपृष्ठावरून मात्र घोडेस्वार काढला. त्या जागी तीन रेघा फाकलेले एक पाऊल आहे. ते काय आहे, असे विचारणाऱ्या नातवंडांना सांगावयास आमच्यापाशी आता खरी गोष्ट आहे.